गुळगुळीत मूर्ती, खरबरीत दगड

रोह्याजवळच्या अवचितगडावर बारा कोनांचं तळं आहे. त्याच्या दगडी काठाने फिरत साध्या मोबाइलवर भरपूर फोटो काढले, तर संगणक त्यांतून तळ्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी करू शकतो. पेणच्या कारखान्यातल्या रंगवून झालेल्या गणपतीचे तसेच फोटो काढा. प्रतिकृतीत पोटाला खड्डे पडतील, मुकुटाला फोड येतील.

असं का होतं? संगणक प्रत्येक फोटोत ओळखीच्या खुणा शोधतो. दगडावरची चीर, शेवाळाचा डाग, टाकीचा घाव. तीच खूण अनेक फोटोंत सापडली, की त्यावरून कॅमेरा कुठे होता आणि खूण किती लांब आहे, दोन्ही निघतं. म्हणून लागोपाठच्या फोटोंत 60 ते 80 टक्के भाग सामाईक ठेवतात. कल्पना जुनी आहे. 1858 मध्ये जर्मनीत वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचला आणि फोटोवरूनच मापं काढण्याच्या मागे लागला. संगणकाला खुणा जुळवायची भरवशाची रीत मात्र डेव्हिड लोने 1999 मध्ये दिली.

पेणच्या मूर्तीचं कौतुक तिच्या सफाईचं. एकरंगी पितांबरावर संगणकाला धरायला काहीच नसतं, आणि सोनेरी रंगावरची चमक आपण सरकलो की सरकते. संगणक त्या चमकेलाच खूण समजतो.

म्हणून फोटो काढावेत ते शाडू सुकल्यावर, पॉलिश पेपर आणि रंगाच्या आधी. मातीवर कोरणीच्या रेघा तेव्हा शाबूत असतात. उजेड सावलीतला, सगळीकडून सारखा हवा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, कारण नुसत्या फोटोवरून मूर्ती फुटाची की दहा फुटांची, हे संगणकाला कळत नाही. सोंडेमागची आणि काखेतली जागा वाकून, खालून टिपावी. जे कॅमेऱ्याला दिसलं नाही तिथे भोकच राहतं.

एवढा खटाटोप करावा असं मला मनापासून वाटतं. मूर्ती ज्यातून काढतात तो रबरी साचा वापरून वापरून बोथट होतो, मुकुटाची नक्षी पुसट होत जाते, आणि मातीचं मूळ मॉडेल कायम टिकत नाही. फाइल असेल तर हव्या त्या मापात पुन्हा मॉडेल छापून नवा साचा काढता येतो. पण साचा चोरीला गेला तर लक्षात येतं. फाइलची नक्कल कुणी केली तर पत्ता लागत नाही. पेण, हमरापूर, जोह्याच्या मूर्तिकारांनी हे काम हाती घेतलं, तर फाइल कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ताब्यात राहणार, हे पहिला फोटो काढण्याआधी कागदावर लिहून घ्यावं.