सगळं इन्क्लुडेड, पण नक्की काय? : आई-बाबा, मालदीव आणि एक बिल

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर हा त्याचा लेखी अवतार. बोलताना मी जिथे भरकटलो तिथे थोडी काटछाट केली आहे. सगळीकडे नाही.)

गेल्या एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, की हे ऑल-इन्क्लुसिव्ह बीच रिसॉर्ट प्रकरण परवडतं का? मी दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन चार रात्री मालदीवला गेलो होतो. त्यामुळे आज थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही.

आधी एक कबुली. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. खर्चाचा आकडा सांगितला असता तर ते घरातून हललेच नसते. म्हणून मी ठोकून दिलं, की कंपनीकडून मिळालंय, फॅमिलीसकट. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर, ऑल-इन्क्लुसिव्ह म्हणजे राहणं, खाणं, पिणं आणि थोडेफार खेळ, सगळं एकाच किमतीत. ही आयडिया लोकप्रिय केली ती क्लब मेडनं. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या एका बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूनं स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून हॉलिडे कॅम्प सुरू केला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, लोक दमलेले होते, आणि सुट्टीत पैशाचा विषयच नको ही कल्पना त्यांना आवडली. पुढे तिथे बारमध्ये नोटांऐवजी रंगीत मणी चालायचे. म्हणजे पैसे जायचेच, फक्त ते पैसे वाटायचे नाहीत. आजचा मनगटावरचा प्लास्टिकचा पट्टा त्या मण्यांचाच नातू.

आता यात त्यांना परवडतं कसं? आपल्या फोनवरचा अनलिमिटेड डेटा प्लॅन आठवा. रोज सगळेजण शेवटच्या एमबीपर्यंत डेटा ओढत नाहीत, म्हणून तो प्लॅन चालतो. इथेही तेच. एखादा माणूस दिवसाला आठ कॉकटेल रिचवतो, आणि त्याच दराने पैसे भरलेली माझी आई दिवसभरात दोन चहा आणि एक नारळपाणी घेते. आई त्याच्या कॉकटेलचे पैसे भरते, साधं गणित आहे. त्यामुळे पहिला सल्ला: घरात कोणी पिणारं नसेल तर 'फुल बोर्ड' नावाचा प्लॅन आधी बघा. त्यात तीन वेळचं जेवण असतं, ड्रिंक्स नसतात. मी बघितला नाही. मला वाटलं 'ऑल' म्हणजे भारी.

बुफेतही इंजिनिअरिंग असतं बरं का. सुरुवातीला पाव, भात, पास्ता, सॅलड, म्हणजे पोट भरणारं स्वस्त सामान. महाग मासे आणि मांस शेवटी, आणि तिथे बहुतेक वेळा एक शेफ उभा असतो, जो आपल्या हाताने वाढतो. आपण रांगेत पोचेपर्यंत प्लेट अर्धी भरलेली. पहिल्या दिवशी मी 'वसूल करायचंय' मोडमध्ये होतो. दुपारी चार प्लेट झाल्या आणि संध्याकाळी समुद्राकडे बघत जेलुसिल. पैसे आधीच गेलेले असतात, जास्त खाऊन ते परत येत नाहीत, हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि समोर प्रॉन्स दिसणं वेगळं.

किमतीचं आता नीट ऐका, कारण इथेच बहुतेकांची विकेट पडते. वेबसाइटवर दर दिसतो आणि पुढे बारीक अक्षरात दोन अधिकची चिन्हं असतात. पहिलं चिन्ह म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज. दुसरं म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, जो मालदीवमध्ये जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि तो सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरचे १२८ डॉलर ७० सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर. शिवाय विमानतळावरून बेटावर नेणारी स्पीडबोट. ती घेणं न घेणं आपल्या हातात नाही, पोहत थोडंच जाणार? आम्ही तिघं, चार रात्री: दिसलेला आकडा १९००, टॅक्स धरून २४४५, ग्रीन टॅक्स १४४, बोटीचे ४२०. झाले ३००९ डॉलर. विमानाची तिकिटं वेगळी. लांबच्या बेटांवर सीप्लेनने जावं लागतं, तो खर्च याहून कितीतरी जास्त, आणि ती विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमची फ्लाइट संध्याकाळी पोचणार असेल तर एक रात्र माले किंवा हुलहुमालेत काढावी लागते. हे तिकीट काढायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

असो. आता चांगलं सांगतो, कारण चांगलंही खूप होतं.

आईनं चार दिवस 'आज काय करायचं?' हा प्रश्न विचारला नाही. माझ्या अठ्ठावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. पहिल्या सकाळी ती सवयीने साडेपाचला उठली, खोलीत इकडेतिकडे बघितलं, आणि करण्यासारखं काहीच नाही म्हणून पायरीवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. मी साडेसातला उठलो तेव्हाही तिथेच होती. म्हणाली, "अरे, एवढा मोठा मासा येऊन गेला, तुला हाक मारणार होते. म्हटलं झोपू दे."

घड्याळाचा मात्र घोळ होता. मालदीव भारतापेक्षा अर्धा तास मागे. पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो. आमचं त्यातलंच होतं. बाबांनी मनगटी घड्याळ बदलायला नकार दिला. त्यामुळे आमच्याकडे एकाच वेळी साडेसात, आठ आणि साडेआठ वाजलेले असायचे. नेमकी त्यात आली संकष्टी.

शंभर पदार्थांच्या बुफेसमोर माझी आई एका बशीत पपई आणि उकडलेला बटाटा घेऊन बसलेली. मनगटावर 'अमर्याद'वाला पट्टा! मी वैतागलो, म्हटलं, "आई, इथे तरी सोड ना." ती म्हणाली, "गणपती काय फक्त नाशकात असतो का?" वाढणाऱ्यांत एक केरळचा मुलगा होता. त्याने विचारलं, मी इंग्लिशमध्ये उपवास समजावला, त्याला एका मिनिटात कळला. दुपारी त्याने शेंगदाण्याचं कूट घातलेली बटाट्याची भाजी आणून दिली, जिऱ्याची फोडणी देऊन. ती कुठल्याच मेनूत नव्हती.

रात्री प्रश्न चंद्रोदयाचा. कॅलेंडरमधली वेळ नाशिकची, ॲपमधली मालेची, आणि बेटाची तिसरीच. शेवटी घड्याळं सोडून आम्ही तिघं वाळूवर पूर्वेकडे तोंड करून बसलो. बेटाच्या त्या टोकाला दिवे नव्हते. रिसॉर्टच्या हिशेबाने नऊ वाजून गेल्यावर पाण्यातून लालसर चंद्र वर आला, अर्ध्याहून मोठा, एका बाजूने झिजलेला. आईनं हात जोडले. बाबा म्हणाले, "हा त्यात धरलाय का?" म्हणजे पॅकेजमध्ये. हे मी आजही कुणाला सांगताना हसतो.

मग वाईट काय? तिसरा दिवस. बेट चालत फिरायला बारा मिनिटं लागतात, ते आम्ही नऊ वेळा फिरलो. बाहेर पडायचं तर बोट, आणि बोटीचे पैसे वेगळे. कोपऱ्यावरचा चहावाला नाही, दुकान नाही, कुणाचं घर नाही. हे मुद्दाम असं ठरवलेलं आहे. मालदीवमध्ये १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट निघालं, आणि पुढे एक बेट, एक रिसॉर्ट ही पद्धत रुजली. पाहुणे एका बेटावर, माणसं दुसऱ्या. दारू रिसॉर्टवर चालते, वस्तीच्या बेटांवर नाही. अलीकडे माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस निघाली आहेत, तिथे खर्च खूप कमी आणि गावही दिसतं. पुन्हा गेलो तर दोन रात्री तिथे, दोन रात्री रिसॉर्टवर, असं करेन.

बाबांना रिकामं बसवेना. ते बेटाच्या मागच्या बाजूला गेले, जिकडे पाहुणे सहसा जात नाहीत. तिथे कर्मचाऱ्यांच्या खोल्या, जनरेटर, आणि समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट. परत आले ते उत्साहात. नळाचं सगळं पाणी डिझेल जाळून तयार होतं, हे त्यांनी मला सांगितलं, आणि त्या संध्याकाळपासून माझ्या अंघोळीवर लक्ष ठेवलं. किचनच्या मागे त्यांना कांद्याची जाळीची पोती दिसली. मासळी सोडली तर तिथे जवळपास सगळंच बाहेरून येतं, आणि कांदा, बटाटा, तांदूळ, साखर भारत दरवर्षी ठरावीक कोटा देऊन पाठवतो. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याकडे कांदा निर्यातबंदी लागली तेव्हाही मालदीवचा कोटा चालू होता. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात. त्या बंदीत काकांचा कांदा चाळीत सडला होता. बाबा पोत्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "बघ, हा आला इथवर."

शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलेलं होतं. ते मी उचलणार होतो, पण साडेपाचला कोण उठतं? मी उठलो तेव्हा बाबा चष्मा लावून, पेन घेऊन बसले होते. प्रत्येक ओळीवर टिक. "ग्रीन टॅक्स पाच रात्रींचा लावलाय," ते म्हणाले. "आपण चारच राहिलो. छत्तीस डॉलर जास्त." आम्ही रिसेप्शनला गेलो, त्यांनी माफी मागून लगेच कमी केले. तीस वर्षं तिकिटांची बेरीज केलेला माणूस परदेशात जिंकला होता. चेहरा बघण्यासारखा होता.

मला वाटलं, सुटलो. स्पीडबोटीत बसल्यावर ते म्हणाले, "कंपनीचं बिल असतं तर कंपनीचं नाव असतं. त्यावर तुझं नाव आहे."

मी समुद्राकडे बघत बसलो. रागावतील म्हणून मनातल्या मनात ईएमआय, बोनस, सगळी उत्तरं तयार करत होतो.

"आधी सांगायचं ना रे," बाबा म्हणाले. "मी त्या वल्ह्याच्या होडीत बसलो असतो. आईसक्रीमपण एकदाच घेतलं. म्हटलं कंपनीचं आहे, आपण कशाला उगाच जास्त घ्या."