सुटका झाल्यावर

केझिक, कंब्रिया (इंग्लंड)

इंग्लंडात डोंगरात अडकलं की सरकार हेलिकॉप्टर पाठवतं आणि प्रश्न मिटतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सुट्टीत पुण्याला गेलो की ट्रेकला जाणारी मंडळी मला हेच ऐकवतात: 'तुमचं काय, तिकडे सगळी यंत्रणा आहे.' म्हणून हे पत्र.

हेलिकॉप्टर आहे, तटरक्षक दलाचं. कायद्याने जबाबदारी पोलिसांची, म्हणून फोनही 999 वर पोलिसांनाच करायचा. पण भर पावसात, अंधारात, पाठीवर स्ट्रेचरचे भाग घेऊन डोंगर चढणारी माणसं सरकारी नाहीत. त्यांना एका पेनीचाही पगार मिळत नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अशी डझनभर पथकं आहेत. त्यांत शिक्षक आहेत, नळदुरुस्तीवाले आहेत, मेंढपाळ आहेत, डॉक्टर आहेत. खर्च चालतो देणग्यांवर आणि सुटका झालेल्या माणसाला बिल येत नाही. 1946 साली ग्रेट गेबल या डोंगरावर विल्फ्रिड नॉइसचा पाय मोडला. हाच नॉइस पुढे 1953च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता. त्याला खाली आणताना झालेल्या हालांमधून केझिकचं पथक उभं राहिलं. तेव्हापासून आजवर ते गावकऱ्यांचंच आहे.

पावसाचीही एक समजूत दुरुस्त करायला हवी. इथून जवळच बॉरोडेलच्या खोऱ्यात सीथवेट नावाची वस्ती आहे, इंग्लंडमधली सर्वांत ओली. वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे आंबोलीच्या निम्म्यानेच. पण डोंगर उघडेबोडके, माती पातळ आणि आधीच भिजलेली, त्यामुळे पडलेलं पाणी तासाभरात ओढ्यात येतं. आणि ते पाणी बर्फासारखं गार असतं. आपल्याकडे ओढ्यात पडलेला माणूस बुडण्याच्या भीतीने ओरडतो, इथे थोड्याच वेळात त्याच्या हातातली पकड जाते. 25 ऑक्टोबर 2008ला याच खोऱ्यात अडीच हजारांच्या आसपास धावपटू डोंगरातल्या स्पर्धेला उतरले आणि पाऊस कोसळला. सतराशे लोक बेपत्ता, अशा बातम्या रात्रभर चालल्या. प्रत्यक्षात माणसं तंबूत, शेतांवरच्या कोठारांत आणि हॉनिस्टरच्या पाटीदगडाच्या खाणीत आसऱ्याला होती. एकही जीव गेला नाही. 2015च्या डिसेंबरात त्याच हॉनिस्टर खिंडीत 24 तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस झाला, हा ब्रिटनमधला विक्रम आहे. त्या आठवड्यात याच पथकांनी लोकांना घराघरांतून बाहेर काढलं.

गेल्या पावसाळी शरदात लीड्सला शिकणारी तीन मराठी मुलं इथल्याच लँगस्ट्राथच्या ओढ्यापलीकडे अडकली. सकाळी दगडांवरून उड्या मारत गेली होती, दुपारी परत आली तेव्हा ते दगडच दिसत नव्हते. कमरेच्या वर तांबूस पाणी, आणि त्यातून गडगडत जाणाऱ्या धोंड्यांचा आवाज. फोनला रेंज होती. तरीही ती बराच वेळ तिथेच वाद घालत बसली. कारण काय, तर 'पोलीस येतील, व्हिसावर शेरा पडेल, घरी कळेल.' भिजलेल्या कपड्यांत, दात वाजत असताना त्या पोरांच्या डोक्यात थंडी नव्हती, पोलीसठाणं होतं. हे भय ती सामानात घालून आपल्याकडूनच घेऊन आली होती.

शेवटी एकाने फोन लावला. पथक आलं, दोर पलीकडे गेला, मुलांना जीवरक्षक जाकिटं घालून एकेकाला अलीकडे घेतलं. त्यातला सांगलीचा मुलगा सारखा 'सॉरी, सॉरी' म्हणत होता. त्याच्या खांद्यावर ब्लँकेट टाकणाऱ्या माणसाने, हा पेशाने नळदुरुस्तीवाला, एवढंच म्हटलं, 'फोन केलात हे उत्तम केलंत. पुढच्या वेळी याहून लवकर करा.' कोणी झापलं नाही, कोणी फोटो काढला नाही. पथकाने संकेतस्थळावर घटनेची नोंद टाकली: वेळ, ठिकाण, किती स्वयंसेवक, किती तास. नावं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलांना घेऊन पथकाच्या तळावर गेलो. काल वापरलेला दोर हौदात धुऊन लांबच लांब टांगला होता. एक बाई त्याचा वीतभर वीतभर भाग बोटांतून फिरवत होत्या. आतला पीळ कुठे मऊ लागतो का, कुठे फुगलाय का, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, असं त्यांनी सांगितलं. मग एका वहीत त्या दोराच्या नावापुढे कालची तारीख लिहिली. शंका आली की दोर बाद, मग तो कितीही महाग असो. भिंतीवर पत्रं लावलेली होती: म्हाताऱ्यांची, मुलांची, एका मुलाने काढलेलं लाल जाकिटांचं चित्र. बहुतेक पत्रांसोबत पैसे आलेले, कुणाचे दहा पौंड, कुणाचे हजार. सांगलीच्या मुलाच्या आईने फोनवर पहिला प्रश्न केला होता, 'बिल किती झालं रे?' बिल नाही हे कळल्यावर माऊली गप्प बसेना. दिवाळीच्या फराळाचा एक डबा केझिकला गेला आणि पैसेही गेले.

इथल्या लोकांना धन्यवाद म्हणजे काय हे नेमकं कळतं, आणि मला त्याचा हेवा वाटतो. 2020च्या जुलैत स्कॅफेल पाइक या डोंगरावर डेझी नावाची 55 किलोंची सेंट बर्नार्ड कुत्री चालेनाशी झाली. वॉस्डेल पथकाच्या 16 जणांनी पाच तास खपून तिला स्ट्रेचरवरून उतरवलं, आणि देशभरातून देणग्या आल्या. 2021च्या फेब्रुवारीत रेड स्क्रीज डोंगरावर टाळेबंदी मोडून तंबू ठोकणाऱ्या दोघांच्या मदतीला जाताना पॅटरडेल पथकाचा एक स्वयंसेवक दीडशे मीटर खाली कोसळला. पाठीचा कणा मोडला, तो आता चाकाच्या खुर्चीत आहे. लोक त्या दोघांवर चिडले, जरूर चिडले. पण पथकांची भूमिका बदलली नाही: मदतीला पैसे लावायचे नाहीत, कारण पैसे आणि शरम आड आली की माणूस फोन उशिरा करतो. त्या स्वयंसेवकासाठी लोकांनी भरभरून दिलं.

आणि आपल्याकडे? माणसं कमी आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. खोपोलीचे यशवंती हायकर्स, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स: या मंडळींनी केलेलं काम केझिकच्या पथकाला सांगितलं तर ते उभे राहून ऐकतील. 2018च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत गेली, 30 जण गेले. त्या दरीत आधी उतरले ते गिर्यारोहक. 2023ला इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या रात्री चिखलातून वर चढले ते हेच. 30 जून 2024ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, तेव्हा पाण्यात उतरले तेही हेच. आणि प्रत्येक पथकाच्या मागे पायथ्याच्या वाडीतला कुणी ठाकर, कुणी कातकरी असतो, ज्याला ती घळ पायाखालची असते. त्याचं नाव बातमीत येतच नाही.

आपण त्यांना काय देतो? शाल आणि श्रीफळ. एका पथकातल्या माझ्या मित्राकडे कपाटभर शाली आहेत. दोर मात्र त्याने स्वतःच्या पगारातून घेतलाय आणि अपघात विम्याचा हप्ताही तोच भरतो. रात्रभर दरीत काम करून सकाळी तो कंपनीच्या बसला उभा असतो.

सुटका झालेल्यांचं काय होतं, हे तर त्याहून वाईट. बाहेर आल्या आल्या कॅमेरे, मग झापणं, मग समाजमाध्यमांवर 'मरू द्या असल्यांना'. पुढच्या आठवड्यात जिल्हाभर धबधब्यांवर बंदी. 7 जुलै 2024ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा वाहत होता, माणसं कठड्यांना धरून उभी होती. तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला आणि बहुतेकांनी त्या माणसांची अक्कल काढली. इतकी शोभा झाल्यावर कोण परत येऊन म्हणेल, की दादा, तुमच्यामुळे वाचलो, हे घ्या दोराला पैसे? लोक तोंड लपवतात. मित्र सांगतो, ज्यांना खांद्यावरून आणलं त्यांतले बहुतेक पुन्हा कधी भेटले नाहीत. आभार मानायची माणसाला इच्छा असते, आपण ती जागाच ठेवलेली नाही.

बेफिकिरीला माझं समर्थन नाही. दारूच्या बाटल्या घेऊन ओढ्यात उतरणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पण संताप दुसऱ्या दिवशी करता येतो.

मागच्या रविवारी मी त्या मित्राला फोन करून विचारलं की इथल्या काही मराठी लोकांना पैसे पाठवायचेत, काय हवंय सांग. त्याने चटकन यादी सांगितली: स्टॅटिक दोर, डोक्याला लावायचे दिवे, जीवरक्षक जाकिटं, पथकातल्या सगळ्यांचा विमा. मग म्हणाला, 'आणि त्या तुझ्या सांगलीच्या पोराला म्हणावं, सुट्टीला आला की लोणावळ्याला ये. आमच्या पोरांपुढे बोल. ओढ्याकाठी किती वेळ वाद घातलास आणि का घातलास, ते सगळं सांग. आमच्याकडे असं येऊन बोलणारं अजून कोणी मिळालेलं नाही.'

मुलाने होकार दिलाय. डिसेंबरात जाईल.