काचेवर तरंगणारा वेग: आयर्लंडच्या रस्त्यांवर ‘हेड-अप डिस्प्ले’चा उपयोग किती?

लढाऊ विमानांतून मोटारीत आलेला ‘हेड-अप डिस्प्ले’ आता केवळ महागड्या गाड्यांची मिरास राहिलेला नाही. आपल्या चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या विद्युत गाड्यांतही तो मिळतो. डॅशबोर्डमध्ये दडवलेला प्रोजेक्टर वेग, वेगमर्यादा आणि वळणाची दिशा समोरच्या काचेकडे फेकतो. तेथून परावर्तित झालेली प्रतिमा चालकाला बॉनेटच्या टोकाशी, साधारण दोन मीटरवर तरंगताना दिसते. नजर खाली वळवावी लागत नाही. ताशी 100 किमी वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले की या सोयीचे मोल कळते.

आयर्लंडमधील मराठी चालकांसाठी त्याला आणखी एक पदर आहे. 7 फेब्रुवारी 2025 पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा 80 वरून 60 किमीवर आली. भारतीय परवाना येथे थेट बदलून मिळत नाही. पुण्यात वीस वर्षे गाडी हाकलेला माणूसही येथे नवशिका ठरतो, परीक्षा देतो आणि पुढे दोन वर्षे ‘एन’ पाटी मिरवतो. या काळात सात पेनल्टी पॉइंट झाले की सहा महिने गाडी चालवता येत नाही, आणि वेगमर्यादा ओलांडल्याचे एका वेळी किमान तीन! सीमेपलीकडे न्यूरीला गेल्यावर पाट्या मैलांत असतात. तेथील 60 म्हणजे सुमारे 97 किमी. काचेवरचा आकडा कोणत्या एककात आहे, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

मर्यादाही आहेत. येथील हिवाळ्यातला सूर्य क्षितिजालगत असतो, ओला रस्ता चकाकतो आणि हात पोलराइज्ड चष्म्याकडे जातो. पण काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा तोच चष्मा अडवतो आणि आकडे पुसट होतात किंवा दिसेनासे होतात. शिवाय काचेवर माहितीची गर्दी झाली, तर डोळे रस्त्यावर असूनही मन आकड्यांत गुंतते. माझ्या मते वेग, मर्यादा आणि पुढचे वळण एवढेच ठेवावे.

जुनी गाडी घेताना समोरची काच बदललेली आहे का, हे अवश्य विचारावे. या काचेच्या दोन थरांमधला पापुद्रा किंचित पाचरीच्या आकाराचा असतो. साधी काच बसवली असल्यास प्रत्येक आकडा दुहेरी दिसतो.