क्षय-कुष्ठाच्या गोळ्या आणि क्रोनचं आतडं

ग्लासगोचे शल्यविशारद थॉमस केनेडी डॅल्झील यांनी १९१३ साली आतड्याच्या एका विचित्र दाहाचं वर्णन केलं. आतडं जाड, ताठर झालेलं. रूप क्षयाचं, पण क्षयाचे जंतू काही सापडेनात. गुरांच्या जोन्स रोगाशी असलेलं साम्य त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा विकार पुन्हा मांडला आणि नाव क्रोनचं लागलं. डॅल्झील मागेच राहिले.

जोन्स रोगाचा जंतू म्हणजे ‘मॅप’, क्षय आणि कुष्ठाच्या जंतूंचा भाऊबंद. १९८४ मध्ये रॉड्रिक चिओडिनी यांच्या गटाने तो क्रोनच्या रुग्णांच्या आतड्यातून वाढवून दाखवला. तो खरोखर या रोगाच्या मुळाशी असेल, तर भाऊबंदांवरची औषधं इथेही लागू पडायला हवीत. सिडनीच्या थॉमस बोरोडी यांनी त्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधं एकत्र दिली. यातलं क्लोफाझिमिन आपल्याकडे कुष्ठरोगाच्या बहुऔषधी उपचाराच्या (एमडीटी) पाकिटात असतं.

याच तीन औषधांच्या, ऑस्ट्रेलियात २१३ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला. औषध आणि प्लासिबो (बिनऔषधी गोळी) अशा दोन्ही गटांना सुरुवातीला स्टिरॉइडही होतं. सोळाव्या आठवड्यात औषध घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के, तर प्लासिबोवरच्या ५० टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला. पुढे मात्र हा लाभ टिकला नाही. वाद तिथेच मिटायला हवा होता. पण डोस अपुरा होता, असं समर्थक म्हणाले आणि आकडेमोडीच्या पद्धतीवरही आक्षेप आले.

मग रेडहिल या इस्रायली कंपनीने तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये भरली. ३३१ रुग्णांच्या चाचणीचे आकडे २०१८ मध्ये जाहीर झाले: २६ आठवड्यांनी सुमारे ३७ टक्के रुग्णांचा रोग शमलेला, प्लासिबोवर सुमारे २२ टक्के. फरक खराच आहे.

पण त्यातून जंतूचा गुन्हा सिद्ध होतो का? मला नाही वाटत. रुग्ण निवडताना मॅप सापडण्याची अट नव्हती. क्लॅरिथ्रोमायसिन आणि क्लोफाझिमिन स्वतःच दाह कमी करतात, शिवाय आतड्यातले इतर जंतूही मारतात. त्यात क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते. म्हणजे कोणाला खरं औषध मिळतंय हे आरशातच कळू शकतं. आणि रोगाची तीव्रता मोजण्याचा रूढ निर्देशांक जुलाब किती झाले, पोट किती दुखलं, एकूण कसं वाटतंय अशा रुग्णाच्या नोंदींवर बराच अवलंबून असतो!

भारतात क्षय की क्रोन हा पेच रोजचाच. निदान ठरेना, तर डॉक्टर अनेकदा आधी क्षयाची औषधं सुरू करतात आणि काही आठवड्यांनी दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. बरं वाटतंय एवढ्यावर ते थांबत नाहीत. मॅपवरच्या त्या तीन औषधांची पुढची चाचणी झालीच, तर तिथेही हेच व्हावं: मॅप सापडलेले रुग्ण वेगळे मोजावेत आणि निकाल दुर्बिणीतून दिसणाऱ्या व्रणांवर ठरवावा.