हिरवा ठसा

कुत्र्याची छत्री हे नाव नव्हे, निकाल आहे. खाऊ नये, एवढेच त्यातून कळते. समोरचे भूछत्र कोणते, ते कळत नाही. यंदा पावसाच्या उघडिपीत आमच्या परळच्या सोसायटीतल्या हिरवळीवर पांढऱ्या छत्र्यांचे अर्धे रिंगण उगवले. टोपी वीतभर रुंद, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारे कडे. शेजारच्या राजापूरच्या आजी म्हणाल्या, ‘‘अळंबी आहेत ही.’’ त्यांच्या सुनेने टोपली आणलीसुद्धा.

गिरगाव, लालबाग, परळ इथे कोकणातून आलेली घरे पुष्कळ, आणि अळंबीची ओळखही त्यांच्याबरोबर आलेली. ती ओळख कच्ची नाही. पण ती जागेला बांधलेली आहे. कोकणातली ही अळंबी, शास्त्रीय नावाने टर्मिटोमायसिस, वाळवीच्या सोबतीने जगते. वारुळाच्या पोटात वाळवी कुजक्या पाल्या-लाकडाच्या चोथ्यावर बुरशीची बाग राखते. पावसात त्याच बुरशीची छत्री माती फोडून वर येते. म्हणून तिच्या देठाला खाली लांबच लांब मुळासारखी शेपटी असते. गावी जाणत्या बाया ठरलेल्या वारुळावरच जातात. परळच्या हिरवळीत वारूळ कुठले? मी एक देठ हलक्या हाताने खणून काढला. बुडाशी गाठ होती, शेपटी नव्हती. आजींनी तो हातात फिरवला आणि सुनेला टोपली आत न्यायला सांगितले.

अळंबी नाही हे ठरले. मग काय आहे? देठ कापून टोपी पट्ट्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवली, वर वाडगे पालथे घातले. पट्ट्यांमधून रात्रभर बीजाणू झडतात आणि कागदावर ठसा उमटतो. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यावा, म्हणजे फिकट ठसाही दिसतो. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. हा सकाळी मळकट हिरवा होता.

एवढ्या मोठ्या, खवलेदार, कडेवाल्या छत्रीचा हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. १८१८ मध्ये मेयर यांनी तिचे प्रथम वर्णन केले. नावात ‘क्लोरोफिल’ ऐकू येते, पण त्या हरितद्रव्याचा इथे संबंध नाही. ग्रीकमध्ये ‘क्लोरोस’ हिरवा, ‘फिलॉन’ पान. उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर ती जगभर उगवते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत ओकाऱ्या, जुलाब, पोटात मुरडा. मृत्यू क्वचित; पण मुले आणि वृद्ध यांच्या शरीरातले पाणी वेगाने जाते, तेव्हा रुग्णालय गाठावे, आणि उरलेला तुकडा बरोबर न्यावा. घोटाळा असा, की कोवळेपणी हिच्या पट्ट्याही पांढऱ्याच असतात. हिरवी झाक उशिरा येते, आणि लोक खुडतात ती कोवळी.

चांदीचे नाणे किंवा लसूण बरोबर शिजवून काळे पडते का पाहण्याची चाल अजून सांगितली जाते. तिला आधार नाही. किड्यांनी खाल्लेले आपल्यालाही चालते, हेही तसेच. आणि ठसा पांढरा आला म्हणून तो परवाना समजू नये: जगातली सर्वांत जीवघेणी भूछत्रे अमानिटा प्रजातीतली आहेत, आणि त्यांचा ठसा पांढराच असतो.