वाढत्या अंगाचं व्हायोलिन घेऊ नका

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय, "मुलीला व्हायोलिन शिकायचंय, पण सुरुवातीलाच फार खर्च नको. कोणतं घ्यावं?" मी बंगळुरूत लहान मुलांना व्हायोलिन शिकवते, आणि हाच प्रश्न इथले मराठी पालकही मला दर जूनमध्ये विचारतात. आज ब्रँडची यादी देत नाही. दुकानात उभं राहून काय बघायचं, ते सांगते.

स्वस्त व्हायोलिनवर मूल छान शिकू शकतं. अडचण येते ती नीट न जुळवलेल्या व्हायोलिनमुळे. मोठ्या माणसाला वाद्यातला दोष कळतो, मुलाला कळत नाही. तार दाबली जात नाही, सूर लागत नाही, तेव्हा त्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. हळूहळू पेटी उघडणं बंद होतं आणि घरात निकाल लागतो, 'हिला आवडच नाही.'

खरेदीच्या आधी गुरूंना विचारा, शिकवणार कोणती पद्धत? बंगळुरूत बहुतेक घरांजवळ कर्नाटक संगीताचा वर्ग सापडतो. पाश्चात्त्य पद्धतीचेही आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या पालकांच्या कानात पं. व्ही. जी. जोगांचं हिंदुस्थानी व्हायोलिन असतं. वाद्य तेच, पण तारा वेगळ्या लावतात. पाश्चात्त्य पद्धतीत जी, डी, ए, ई. कर्नाटक पद्धतीत सा-प-सा-प, आणि पट्टी बहुधा खालची. तारा ढिल्या लावल्या की काही तारा खरखरतात, म्हणून कोणत्या तारा घ्यायच्या ते गुरूंनाच ठरवू द्या. कर्नाटक पद्धतीत मूल मांडी घालून बसतं आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर, घोट्याजवळ टेकवतं. त्यामुळे खांद्याखाली लावायचा शोल्डर रेस्ट लागत नाही. तेवढे पैसे वाचले.

आता माप. पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण ही नेहमीची मापं. त्याहून छोटीही असतात. नावावर जाऊ नका, अर्धं व्हायोलिन काही पूर्णच्या निम्मं नसतं. पूर्ण व्हायोलिनची पेटी साधारण १४ इंच लांब, पाऊणची सव्वातेरा, अर्ध्याची साडेबारा आणि पावची ११ इंचांच्या आसपास. ढोबळ मानाने ५ ते ७ वर्षांच्या मुलाला पाव, ७ ते ९ ला अर्धं, ९ ते ११ ला पाऊण. पण वयापेक्षा हात बघा. व्हायोलिन हनुवटीखाली धरून डावा हात सरळ लांब करायला सांगा. टोकाचा गोल गुंडाळलेला भाग तळव्यात यायला हवा आणि बोटांनी तो सहज धरता यायला हवा. फक्त बोटांची टोकं पोचत असतील तर माप मोठं आहे.

इथे आपली मराठी काटकसर आडवी येते. गणवेश वाढत्या अंगाचा घेतो, तसं व्हायोलिनही घ्यायचा मोह होतो. गणवेशाच्या बाह्या दुमडता येतात. व्हायोलिनवर मात्र मुलाची करंगळी ताणली जाते, मनगट वाकतं, आणि ती सवय पुढे सोडवायला वर्ष जातं. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या.

दुकानासाठी मॅजेस्टिकजवळच्या बळेपेटमध्ये जा. तिथे वाद्यांची जुनी दुकानं आहेत आणि हातात घेऊन बघता येतं. स्वस्त व्हायोलिनं बहुतेक चीनमधली असतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्येही पूर्वीपासून बनतात. पाटी कुठलीही असो, या पाच गोष्टी तपासा.

एक, खुंट्या. त्या सहज फिरल्या पाहिजेत आणि सोडल्यावर जागेवर राहिल्या पाहिजेत. चारही तारांना खाली फाइन ट्यूनर असले तर लहान मुलाचं काम सोपं होतं. दोन, तारांची उंची. खुंट्यांच्या बाजूला तार आणि फिंगरबोर्ड यांच्यात जेमतेम व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. तीन, घोडी. ती ताठ उभी हवी, तिचे दोन्ही पाय पेटीला पूर्ण टेकलेले हवेत. चार, पेटीवरच्या लांबट भोकातून आत बघा. एक छोटी काठी उभी दिसली पाहिजे. ती साउंड पोस्ट. ती पडलेली असेल तर ते व्हायोलिन तसंच घेऊ नका. पाच, गज. डोळ्यासमोर धरून बघा, बाजूला वाकलेला नको, आणि स्क्रू फिरवल्यावर केस ताणले गेले पाहिजेत. नव्या गजाला रोझिन लावलं नसेल तर आवाजच येत नाही. ते वाद्याचं दुखणं समजू नका.

माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आली होती. तारा इतक्या उंच, की दहा मिनिटांत तिच्या बोटांवर वळ उठायचे. आई म्हणाली, "टाळाटाळ करते." कारागिराकडून घोडी आणि वरची खाच घासून घेतली. व्हायोलिन तेच राहिलं, मुलगी मात्र रोज वाजवायला बसू लागली.

म्हणून पैशांची वाटणी अशी करा. समजा हातात १०,००० रुपये आहेत. सगळे वाद्यावर घालू नका. सात हजारांपर्यंतचं वाद्य बघा आणि उरलेले चांगल्या तारा, घोडी जुळवणं आणि रोझिन यांच्यासाठी ठेवा. चकचकीत पॉलिश आणि मखमली पेटी यांचा सुराशी संबंध नाही.

वापरलेलं व्हायोलिनही चालतं. मुलं वाढतात, त्यामुळे लहान मापाची व्हायोलिनं लवकर रिकामी होतात. वर्गातल्या मोठ्या मुलांच्या पालकांना विचारा, भाड्याने मिळतं का तेही बघा. फक्त पेटीला तडा नाही ना, मान सांध्यातून सुटत नाही ना, हे गुरूंना दाखवून घ्या. वाजवून झालं की गज सैल करा, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत व्हायोलिन कधीही ठेवू नका.

मल्लेश्वरमच्या बाजूला व्हायोलिनच्या आकाराचं चौडय्या मेमोरियल हॉल तुम्ही पाहिलंच असेल. ते १९८० मध्ये उभं राहिलं. ज्यांच्या नावाने ते आहे, त्या म्हैसूर टी. चौडय्यांनी मागच्या श्रोत्यांपर्यंत आवाज पोचावा म्हणून चारऐवजी सात तारांचं व्हायोलिन करून घेतलं होतं. एवढ्या मोठ्या वादकानेही वाद्य आपल्या गरजेला जुळवून घेतलं. मग आठ वर्षांच्या मुलाने वाद्याशी का झगडावं?

पुढच्या भागात घरी तारा सुरात कशा लावायच्या ते बघू. तोवर टेप घेऊन मुलाचा हात तेवढा मोजून ठेवा. नमस्कार.