सहा मिलिमीटर म्हणजे नक्की किती?



ऊस विकास खात्याच्या माणसाने वेल्डिंगवर लिहावे, हे काहींना खटकेल. पण गेल्या गळीत हंगामात आपल्या एका सभासदाच्या भरल्या ट्रेलरचा ड्रॉबार भर रस्त्यात वेल्डिंगमधून सुटला. ऊस रस्त्यावर पसरला आणि मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा थोडक्यात वाचला. ट्रेलर नवाकोरा, लोखंड उत्तम, वेल्डर तालुक्यातला जुना जाणता. मग चुकले कुठे, याची चौकशी आम्ही मुद्दाम केली.

ट्रेलरचे ड्रॉइंग सभासदाच्या भाच्याने काढून दिले होते. भाचा विरार पश्चिमेला बोळिंजला राहतो आणि वसईकडच्या एका वर्कशॉपात परदेशी मालाची ड्रॉइंगे करतो. उन्हाळ्यात एका लग्नानिमित्त तिकडे जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून त्याच्याकडे गेलो. केळीच्या वाड्यांचा हा मुलूख, आता तिथे म्हाडाच्या उंच इमारती. शेतीखात्याच्या माणसाची नजर तिकडे जायचीच!

भाच्याने कागद पुढे ठेवला. ड्रॉबारच्या जोडावर लिहिले होते : ‘ए ६’. आणि इथेच सगळी मेख निघाली.

दोन पट्ट्या काटकोनात जोडल्या की मधल्या कोपऱ्यात धातूचा त्रिकोण भरतात, त्याला फिलेट म्हणतात. हा त्रिकोण दोन तऱ्हेने मोजता येतो. पट्टीला चिकटलेली बाजू म्हणजे लेग. कोपऱ्यापासून तिरक्या बाजूपर्यंतचे सरळ अंतर म्हणजे थ्रोट, म्हणजे गळा. जोड तुटतो तो बहुधा गळ्यात. पाट कितीही रुंद असू द्या, पाणी अरुंद मोरीतून जाईल तेवढेच पुढे जाणार, तसेच हे.

आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २५५३ प्रमाणे ‘ए’ म्हणजे थ्रोट आणि ‘झेड’ म्हणजे लेग. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या ए २.४ या मानकात फिलेटचा आकडा लेगचा धरतात. आपल्या वेल्डरचा हात अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगवर बसलेला. त्याने ‘ए’ कडे लक्ष दिले नाही, लेग सहा भरला आणि गेज लावून तपासलाही. पण लेग सहा म्हणजे थ्रोट जेमतेम ४.२. भाच्याला हवा होता थ्रोट सहा, त्याला लेग साडेआठ लागतो. जोड तीस टक्के कच्चा राहिला, आणि दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर!

या मानकांत नावांचा गोंधळ पुष्कळ आहे. एकाच जातीच्या रॉडला अमेरिकन पद्धतीत ई ६०१३ म्हणतात, तर भारतीय मानक आयएस ८१४ प्रमाणे ईआर ४२११. ते चालते. को ८६०३२ म्हणा की नीरा म्हणा, बेणे एकच. परंतु कागदपत्रांतला ‘डब्ल्यूपीक्यू’ हा अमेरिकेत वेल्डरच्या हाताच्या परीक्षेचा दाखला, आणि एक अक्षर वाढवून ‘डब्ल्यूपीक्यूआर’ केले की युरोपीय रिवाजात तो वेल्डिंगच्या पद्धतीच्या चाचणीचा दाखला होतो. खुद्द आयएसओ २५५३ मध्ये २०१३ पासून चिन्हांच्या दोन पद्धती, ‘ए’ आणि ‘बी’, एकाच पुस्तकात शेजारी नांदतात, कारण जगात दोन्ही चालू आहेत. पुन्हा या पद्धतीचा ‘ए’ वेगळा आणि थ्रोटचा ‘ए’ वेगळा. आता बोला!

आम्हांला हे नवे नाही. हेक्टरी शंभर किलो नत्र द्या म्हणून सांगावे आणि गड्याने शंभर किलो युरिया टाकून मोकळे व्हावे, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे पिकाला निम्मेही पोचले नाही. ऊस पिवळा पडला की निदान दिसतो तरी. ट्रेलरचा जोड दिसत नाही. कारखान्याच्या बॉयलरला इन्स्पेक्टर येतो, ट्रेलरच्या हुकाला कोण येतो?

तेव्हा हंगामापूर्वी ट्रेलर बांधणार असाल किंवा दुरुस्त करणार असाल, तर ड्रॉबार, हूक आणि अ‍ॅक्सलच्या जोडांवर नुसता आकडा चालवून घेऊ नका. लेग की थ्रोट, ते मराठीत शब्दाने लिहून घ्या आणि काम सुरू होण्यापूर्वी वेल्डरकडून वाचून घ्या. ड्रॉइंग बाहेरून आले असेल तर ते कोणत्या मानकाप्रमाणे आहे हे विचारा. कोपऱ्यात बहुधा लिहिलेले असते.

भाच्याने नवा कागद पाठवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात ‘लेग ८.५ मि.मी.’ असे लिहिले आहे. वेल्डर म्हणाला, “साहेब, नऊच भरतो.”